रविवारी मुंबईला चाललात? नाशिककरांनी मेगाब्लॉक कसा वाचायचा

आपल्या नाशिकच्या पोरापोरींची पहिली एकट्याने केलेली मुंबईवारी बहुतेक वेळा रविवारीच होते. परीक्षा रविवारी, वॉक-इन इंटरव्ह्यू रविवारी, कुणाचा साखरपुडा तोही रविवारी, आणि सोमवारी सकाळी टाटा कॅन्सर हॉस्पिटलला नंबर लावायचा असला तर माणूस रविवारीच जाऊन पडतो. आणि मुंबईचा मेगाब्लॉकही नेमका रविवारीच. मी सहा वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने अपडाऊन केलंय, त्यामुळे नातेवाईक, गल्लीतली पोरं, बायकोच्या मैत्रिणींची पोरं असे सगळे शनिवारी रात्री दहाला फोन करतात, "दादा, उद्या ब्लॉक आहे म्हणे, जाऊ का नको?" दर वेळी तेच तेच सांगून दमलो म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मूळ गोष्ट एवढीच की मेगाब्लॉक म्हणजे "लोकल बंद" असं नसतं. बंद असतो एक तुकडा, त्या तुकड्यातले ठराविक रूळ, आणि तेही चार-पाच तासांपुरते. म्हणजे तुम्हाला तीनच गोष्टी शोधायच्यात. कुठून कुठपर्यंत, कोणता रूळ, किती ते किती. एवढं कळलं की बाकीचं गणित नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून पण करता येतं.

आपल्याला हे अवघड जातं कारण आपल्या गावात रेल्वे म्हणजे सीबीएसपासून (शहरातल्या मध्यवर्ती बसस्टँडपासून) आठ-नऊ किलोमीटर लांब असलेलं नाशिकरोड स्टेशन, गाडी आली की बसायचं, एवढंच. शहरात फिरायला सिटीलिंक नाहीतर रिक्षा. २०२१ च्या केंद्राच्या बजेटमध्ये नाशिक मेट्रोसाठी २०९२ कोटी जाहीर झाले होते, ती टायरवर चालणारी मेट्रो निओ, तिची वाट बघता बघता पोरं शाळेतून कॉलेजात गेली. असो.

माझी फजिती आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. अपडाऊन सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. कांजूरमार्गला इंटरव्ह्यू होता, रविवार, दुपारी १२ ची वेळ. पंचवटीने ठाण्याला उतरलो, वेळ आहे म्हणून मामाकडे चहा-पोहे करत बसलो आणि साडेअकराच्या आसपास ठाण्यातून स्लो लोकल पकडली. मामा म्हणाले होते, "ब्लॉक आहे रे, पण स्लोला काय होतंय." मुलुंड आलं, थांबली. नाहूर आलं, थांबलीच नाही. मला वाटलं नाहूरला गर्दी नसते म्हणून सोडलं असेल (हसू नका, नवीन होतो). भांडुपला थांबली. मग कांजूरमार्ग आलं, मी दारात उभा, बॅग खांद्याला, आणि प्लॅटफॉर्म पलीकडच्या रुळाला लागून निघून चाललाय, त्याच्यावरचा माणूस मला दिसतोय, पाटी दिसतेय आणि गाडी सुसाट. शेजारचे काका म्हणाले, "स्लोचा ब्लॉक आहे ना, ही फास्टवरून चाललीये, आता विक्रोळी." विक्रोळीला उतरून रिक्षा करून उलटा आलो, साडेबारा झाले. चूक कुणाची? माझीच. पेपरात "धिम्या मार्गावर" असं स्पष्ट छापलं होतं, मी फक्त "मेगाब्लॉक" हा शब्द वाचला आणि पेपर घडी करून ठेवला.

तर आता क्रमाने.

१. शनिवारीच बघून ठेवा

ब्लॉकची माहिती साधारण शुक्रवारी-शनिवारी येते. मुंबईच्या पेपरात चौकट असते, आपल्या नाशिक आवृत्तीत ती येईलच असं नाही, म्हणून पेपरवर विसंबू नका. मोबाईलमध्ये एम-इंडिकेटर टाकून घ्या, मुंबईतला प्रत्येक जण वापरतो, त्यात ब्लॉक दिसतो. मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे दोघांची एक्सवरची खाती वेगळी आहेत आणि ब्लॉकही वेगवेगळे, त्यामुळे एकाचं बघून "आज ब्लॉक नाही" म्हणू नका. मध्य रेल्वेवाले मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिमवाले जम्बो ब्लॉक, प्रकार एकच. पश्चिमेवर पुष्कळदा शनिवार-रविवारच्या मधल्या रात्रीच काम उरकतात आणि मग रविवारी दिवसा ब्लॉक नसतो, ते पण त्यांच्या निवेदनात लिहिलेलं असतं. सण असला किंवा मोठी परीक्षा असली तर कधीकधी ब्लॉक रद्दही करतात, म्हणजे गेल्या रविवारी होता म्हणून या रविवारी असेलच असं काही नाही.

लांबच्या गाडीसाठी एनटीईएस (गाडी आत्ता कुठे आहे ते दाखवणारं रेल्वेचं ॲप) नाहीतर १३९ वर फोन.

२. निवेदन वाचताना

भाषा सरकारी असते, घाबरू नका. समजा असं लिहिलंय: "माटुंगा ते मुलुंड अप आणि डाऊन जलद मार्गावर सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५". आता एकेक शब्द घ्या.

अप म्हणजे मुंबईकडे, सीएसएमटीच्या दिशेने. डाऊन म्हणजे मुंबईपासून लांब. आपल्या नाशिककरांचा इथेच घोळ होतो, कारण आपण कसाऱ्याचा घाट उतरून खाली जातो आणि रेल्वेच्या भाषेत ते "अप" असतं. घाट विसरा, सीएसएमटी म्हणजे वर.

जलद म्हणजे फास्ट, धिमा म्हणजे स्लो. मेन लाइनवर या दोघांचे रूळ वेगळे आहेत. जलदचा ब्लॉक असला की फास्ट लोकल माटुंगा-मुलुंडच्या मध्ये स्लोच्या रुळावर टाकतात, मग ती शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशी थांबत थांबत जाते आणि पंधराएक मिनिटं लेट होते. म्हणजे तुमचं फारसं काही बिघडत नाही, वेळ जास्त लागतो इतकंच. स्लोचा ब्लॉक असला की उलटं होतं, स्लो गाडी फास्टच्या रुळावर जाते, आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर या तीन स्टेशनांना त्या रुळावर प्लॅटफॉर्मच नाही. म्हणजे गाडी थांबणारच नाही. ही तीन नावं पाठ करा. तुमचं काम तिथे असेल तर नाहूरसाठी मुलुंड किंवा भांडुप, कांजूरसाठी भांडुप किंवा विक्रोळी, विद्याविहारसाठी घाटकोपर किंवा कुर्ला, तिथे उतरून रिक्षा नाहीतर बेस्टची बस. आधी माहीत असलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

वेळेचं असं की, ३.५५ ला ब्लॉक संपतो म्हणजे ३.५६ ला सगळं सुरळीत होत नाही. रखडलेल्या गाड्या एकामागे एक सुटतात, गर्दी तुंबलेली असते, पाच-साडेपाच वाजेपर्यंत तसंच चालतं. शिवाय रविवारी गाड्या मुळातच कमी, रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं, त्यात ब्लॉक.

आणखी एक शब्द येतो, पाचवी-सहावी. कुर्ला ते कल्याणच्या पट्ट्यात मेल-एक्स्प्रेससाठी वेगळे रूळ आहेत, त्यांना पाचवी आणि सहावी मार्गिका म्हणतात. ठाणे-दिव्याच्या मधलं त्याचं राहिलेलं काम २०२२ च्या फेब्रुवारीत ७२ तासांचा ब्लॉक घेऊन पुरं केलं. आमच्या पासधारकांच्या डब्यात एकदा रविवारी सकाळी कुणीतरी मोबाईल बघून म्हणालं, "आज पाचवी-सहावी आहे," सगळ्यांनी हूं केलं, आणि समोर बसलेला एक नवीन पोरगा मला हळूच विचारतो, "काका, रविवारी शाळा असते का इकडे?" तर पाचवी-सहावीचा ब्लॉक म्हणजे आपलीच गाडी. लोकलवाल्यांना त्याचं फार काही नसतं, पण आपली एक्स्प्रेस तेव्हा ठाण्यानंतर फास्ट लोकलच्या रुळावर घालतात आणि ती लोकलच्या मागे मागे रांगत जाते. हा ब्लॉक पुष्कळदा सकाळी ८ लाच सुरू होतो, इतर ब्लॉक अकराच्या आसपास.

३. आपली गाडी कुठे सापडते ते बघा

पंचवटी नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराला निघते आणि पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला लागते. म्हणजे अकराचा नेहमीचा ब्लॉक सुरू व्हायच्या आत ती आत शिरलेली असते. म्हणून नवीन लोक खुशीत असतात, "काही ब्लॉक-बिक नव्हता, वेळेत आलो." सापडता तुम्ही पुढे. गाडीतून उतरून चहा पिऊन जी लोकल पकडता ती ब्लॉकमधली असते. माझंच बघा ना. म्हणून पंचवटीने जात असाल आणि पुढे लोकलने जायचं असेल तर उतरल्या उतरल्या पहिली लोकल धरा, चहा-पोहे त्या गावाला जाऊन. अकराच्या आत जेवढं अंतर कापाल तेवढं तुमचं.

कल्याणच्या अलीकडचं वेगळं आहे. कल्याण ते कसारा दोनच रूळ आहेत, एक जायला एक यायला, तिसऱ्याचं काम चालू आहे. त्या पट्ट्यात, म्हणजे टिटवाळा, आसनगाव, आटगाव इकडे कुठेही ब्लॉक असला तर शेजारच्या रुळावरून काढायची सोयच नाही, गाडी उभीच राहते. निवेदनात कल्याण-कसारा असं काही दिसलं तर सरळ दीड-दोन तास जास्त धरा नाहीतर बसने जा. कसारा ते इगतपुरी घाटात मात्र तीन रूळ आहेत. घाटाचा चढ ३७ फुटाला एक फूट, म्हणून परत येताना कसाऱ्याला मागे जास्तीची इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्याला. कसाऱ्याला गाडी थांबली म्हणून घाबरून खाली उतरू नका, बँकर लागत असतो.

आणि एक, तिकिटावर कुठलं स्टेशन आहे ते बघा. उत्तरेकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या दादर-सीएसएमटीला जातच नाहीत, त्या एलटीटीला संपतात, म्हणजे कुर्ल्याचं टर्मिनस. तिथून लोक चालत टिळकनगर स्टेशनवर जातात, ते हार्बर लाइनवर (सीएसएमटी-वाशी-पनवेल लोकलच्या मार्गावर) आहे. हार्बरचा कुर्ला-वाशी ब्लॉक असला की टिळकनगरला गाडी मिळत नाही. मग सरळ रिक्षा करून कुर्ला स्टेशन गाठायचं.

४. जायचं कुठे त्याप्रमाणे

नवी मुंबई, म्हणजे वाशी, नेरूळ, खारघर. आपले लोक उगाच कुर्ल्यापर्यंत जाऊन हार्बर पकडतात. ठाण्यालाच उतरा, नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर, म्हणजे ठाण्याहून थेट वाशी-पनवेलकडे जाणारी लोकल मिळते, कुर्ला-वाशी बंद असली तरी ही चालू असते. पनवेल-वाशी ब्लॉक असेल तर मात्र ठाणे-पनवेल गाड्यांवरही पाणी पडतं, मग ठाणे-वाशी तेवढी मिळते, पुढे बस. सीएसएमटी ते चुनाभट्टी-वांद्रे असा हार्बरचा ब्लॉक असतो तेव्हा हार्बरच्या तिकिटावर मेन लाइन आणि वेस्टर्नने जायला त्या वेळेपुरती परवानगी देतात, साधारण १० ते ६, निवेदनात शेवटच्या ओळीत असतं, टीसीला दाखवायला स्क्रीनशॉट काढून ठेवा.

परळ, टाटा. याचं उदाहरण मुद्दाम देतो कारण नाशिकहून पेशंट घेऊन जाणारे पुष्कळ असतात आणि ब्लॉकचं नाव ऐकून त्यांच्या पोटात गोळा येतो. दादरला उतरलात की परळ पुढचंच स्टेशन. ब्लॉक माटुंगा ते मुलुंड. दादर आणि परळ दोन्ही माटुंग्याच्या अलीकडे, सीएसएमटीच्या बाजूला. म्हणजे त्या तुकड्यात ब्लॉक नाहीच, स्लो लोकल मिळते, जरा लेट मिळते इतकंच. पेशंटला चालवत नसेल तर दादरहूनच टॅक्सी करा, पण टॅक्सीवाला पश्चिमेकडून जातो म्हणाला तर लक्षात असू द्या की परळ-प्रभादेवी जोडणारा जुना एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद केलाय, वळसा पडतो. दादर पूर्वेकडून गेलेलं बरं.

अंधेरी, बोरिवली, विमानतळ. पूर्वी दादरला उतरून पूल चढून वेस्टर्नला जाणं हाच एक रस्ता होता, आणि त्यांचा जम्बो ब्लॉक सांताक्रूझ-गोरेगाव वगैरे असायचा, म्हणजे दोन्हीकडून मार. आता मेट्रो आहेत. ठाण्याला उतरा, लोकलने घाटकोपर (घाटकोपरला फास्ट-स्लो दोन्ही थांबतात, त्यामुळे कुठलाही ब्लॉक असो, ते स्टेशन चुकत नाही), आणि तिथून मेट्रो वन. २०१४ पासून चालू आहे, घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा. अंधेरीला जायचं तर थेट. बोरिवलीकडे जायचं तर वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनला उतरून शेजारचं गुंदवली, तिथून मेट्रो सात, मागाठाण्याला उतरलं की बोरिवली पूर्व. विमानतळ टी-टू असेल तर मरोळ नाक्याला मेट्रो बदलायची, तिथून भुयारी मेट्रोने पुढचंच स्टेशन. दोन मोठ्या बॅगा असतील तर मात्र हे सगळे जिने-सरकते जिने करत बसू नका, ठाण्यावरून कॅब करा, विमान चुकण्यापेक्षा पैसे गेलेले परवडतात.

५. भुयारी मेट्रो, म्हणजे तीन नंबर

हिच्याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात म्हणून वेगळं लिहितो. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातलं फक्त आरेचं जमिनीवर, बाकी २६ खाली. एकदम नाही सुरू झाली, तुकड्या-तुकड्याने झाली. ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी, मे २०२५ ला आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि ऑक्टोबर २०२५ ला कफ परेडपर्यंत. हे तपशील सांगतोय कारण जुने व्हिडिओ आणि जुने लेख बघून लोक अजून विचारतात, "मेट्रो बीकेसीपर्यंतच आहे ना?" जुनी माहिती आहे ती, आता दक्षिण मुंबईत सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन सगळीकडे जाते. तिकीट १० ते ७० रुपये.

ब्लॉकच्या दिवशी हिचा उपयोग काय? हिचे रूळ स्वतःचे. रेल्वेचा मेगाब्लॉक असो, जम्बो असो, हिला त्याचं काही नाही. मेट्रोचं देखभालीचं काम रात्री गाड्या बंद असताना करतात, म्हणून रविवारी दुपारी चार-पाच तास रूळ ताब्यात घ्यायची भानगड नसते. पण रात्री साडेदहाच्या सुमाराला शेवटच्या गाड्या निघतात, लोकलसारखी मध्यरात्र उलटेपर्यंत चालत नाही, आणि रविवारी सकाळची पहिली गाडी इतर दिवसांपेक्षा उशिरा असू शकते. मेट्रोकनेक्ट३ ॲपवर वेळ बघून घ्या, सकाळी लवकरचं काम असेल तर नक्कीच.

दादरला ती कुठे मिळते? इथे नवा माणूस चुकतो. एक्स्प्रेसमधून उतरून "मेट्रो कुठे" विचारलं की लोक हात दाखवतात आणि तुम्ही स्टेशनातच गोल फिरत राहता. मेट्रोचं दादर स्टेशन रेल्वे स्टेशनाच्या आत नाही, पश्चिमेला आहे, सेनाभवनाच्या बाजूला. म्हणजे पूल चढायचा, वेस्टर्नचे प्लॅटफॉर्म ओलांडायचे, फुलबाजाराच्या गर्दीतून बाहेर पडायचं आणि चालायचं, सामानासकट पंधरा मिनिटं धरा. सीएसएमटीला सोपं आहे, स्टेशनाबाहेर पडलं की मेट्रोच्या पाट्या दिसतात. म्हणून मला विचाराल तर चर्चगेट-नरिमन पॉइंटकडे जायचं असेल तर दादरला उतरूच नका, गाडीत बसून शेवटपर्यंत जा आणि तिथून खाली उतरा, चर्चगेट दुसरं स्टेशन.

खाली मोबाईलला रेंज मिळेलच असं धरू नका. तिकीट क्यूआरचं असतं, वर रस्त्यावर असतानाच काढा, नाहीतर काउंटरवरून कागदी घ्या. माझ्या आत्तेभावाने खाली उतरल्यावर यूपीआय करायला घेतलं आणि ते चक्र फिरतंय फिरतंय, शेवटी परत वर. एरवी गंमत वाटते, परीक्षेच्या दिवशी नाही वाटत.

पावसाचंही बघा. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं, सुरू होऊन पंधराएक दिवस झाले होते, आणि गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. अशा वेळी मेट्रो पूर्ण बंद करत नाहीत, अलीकडच्या स्टेशनवरून परत फिरवतात. म्हणजे ऐकायचं काय, तर "कुठपर्यंत चालू आहे". आणि कुणी जुन्या अनुभवावर मोनोरेलने जा म्हणालं तर ती २० सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्ती-सुधारणेसाठी बंद केली होती, परत सुरू झालीय का ते बघितल्याशिवाय चेंबूरला जाऊन उभे राहू नका.

६. रविवारच्या पलीकडचे मोठे ब्लॉक

वर्षातून एखाद-दोनदा असा ब्लॉक येतो की सगळे नियम बाजूला. मे २०२४ च्या शेवटी ठाण्याचा पाच-सहा नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक होता, सोबत सीएसएमटीला दहा-अकरा नंबरच्या प्लॅटफॉर्मचं काम, तीन दिवसांत ९३० लोकल रद्द. नोव्हेंबर २०२२ ला कर्नाक पूल पाडायला २७ तास. यात लांबच्या गाड्याही रद्द होतात किंवा शॉर्ट टर्मिनेट होतात, म्हणजे सीएसएमटीऐवजी दादर, ठाणे, नाहीतर आपल्या नाशिकरोडलाच गाडी संपवतात आणि तिथूनच परत सोडतात, त्याला शॉर्ट ओरिजिनेट. हे ब्लॉक आधी काही दिवस जाहीर होतात. अशा वेळी माझा सल्ला एकच, जाणं पुढे ढकलता येत असेल तर ढकला. ढकलता येत नसेल तर महामार्ग स्टँडवरून बस. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ ला उघडल्यापासून कारवाल्यांची तर घाटातून सुटका झालीय, पण आमणे म्हणजे भिवंडी आणि तिथून पुढे ठाण्याचं ट्रॅफिक जसंच्या तसं, "दोन तासात मुंबई" म्हणणाऱ्यांना विचारा ते मुंबईत नेमके कुठे उतरले.

पावसाळ्यात ब्लॉक नसतानाही घाट तुम्हाला ब्लॉक करतो. जुलै २०२१ ला कसारा घाटात दरडी आल्या, जुलै २०२४ ला आटगावजवळ रुळांवर माती आली, दोन्ही वेळा गाड्या जिथल्या तिथे. आपण नाशिककर गोदावरीला पूर किती आहे हे दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून सांगतो, तसं माझं मुंबईच्या गाडीसाठी इगतपुरीवरून ठरतं. घरून निघायच्या आधी एनटीईएसवर आपल्या पुढच्या दोन गाड्या बघायच्या, त्या इगतपुरी सोडून कसाऱ्याकडे गेल्या का. गेल्या असतील तर निघा. इगतपुरीलाच उभ्या असतील तर नाशिकरोडपर्यंतचं रिक्षाभाडं वाचवा. उत्तरेकडच्या गाड्या मग मनमाड-दौंडवरून वळवतात, त्या नाशिकला येतच नाहीत.

७. पैसे

रेल्वेने गाडी रद्द केली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, काही करायचं नाही. गाडी तुमच्या स्टेशनवर ३ तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्हाला जायचंच नसेल तर पूर्ण पैसे मिळतात, पण त्यासाठी गाडी सुटायच्या आत आयआरसीटीसीवर टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरावा लागतो. गाडी गेल्यावर भरून उपयोग नाही. लोक चिडून घरी जातात आणि सोमवारी भरतात, तेव्हा काही मिळत नाही.

८. परत येताना

पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी ६.१५ ला सुटते. ब्लॉक चारच्या आसपास संपतो, तुंबलेली गर्दी साडेपाचपर्यंत. म्हणजे उपनगरातून येत असाल तर पाचची लोकल पकडून सहाला पोचतो हे रविवारी विसरा. उलट बाजूला सीएसएमटीपर्यंत जायची गरजच नाही, पंचवटी दादर, ठाणे, कल्याण घेते, तुमच्या जवळचं स्टेशन धरा. रिझर्व्हेशन असेल तर बोर्डिंग स्टेशन आधीच बदलून ठेवा. जनरलवाल्यांनी मात्र ठाण्या-कल्याणला चढायचं धाडस करायच्या आधी विचार करा, दारातच उभं राहावं लागतं.

आणि पंचवटी चुकलीच, पुढच्या गाडीत जागा नाही, तर एक जुना रस्ता आहे तो शेवटचा म्हणून लक्षात ठेवा. कसारा लोकल. कसारा हे लोकलचं शेवटचं स्टेशन, पुढे घाट, लोकल जात नाही. स्टेशनाबाहेर नाशिकच्या शेअर जीप उभ्या असतात, भरली की सुटते. भाडं बसायच्या आधी विचारा, आणि रात्री फार उशीर करू नका कारण जीप भरायला माणसं लागतात. मी एकदा तिथे पावणेदोन तास दहाव्या माणसाची वाट बघत बसलो होतो, वडापाव दोनदा खाल्ला, शेवटी आम्ही नऊ जणांनीच दहाव्याचं भाडं वाटून घेतलं आणि निघालो.